खांब वर चालला

रांग घराच्या फाटकातून बाहेर पडून, शिंप्याच्या दुकानाला वळसा घालून थेट रस्त्याच्या टोकाला पोचली होती. प्रत्येकाच्या हातात एक रुमाल. कुणाचा कोरा करकरीत, कुणाचा घडीवर पिवळा पडलेला. एका बाईने घाईघाईत भांडी पुसायचं फडकंच उचलून आणलं होतं आणि आता ते ती मुठीत लपवत होती. रांगेचं दुसरं टोक घराच्या मागच्या अंगणात होतं. तिथे सिमेंटचा एक खांब होता आणि तो जमिनीला टेकलेला नव्हता.

खरोखरच नव्हता. डोक्यावर अख्खी खोली, विटांच्या भिंती, त्यावर स्लॅब; आणि खोलीच्या कोपऱ्याखालचा हा खांब जमिनीपासून बोटभर वर येऊन थांबलेला. मध्ये नुसती हवा. माणसं गुडघ्यांवर बसत, खांबाखालून रुमाल सारत, पलीकडून ओढून घेत आणि कपाळाला लावून उठत. तो रुमाल दुखऱ्या जागी बांधला की दुखणं हलकं होतं, अशी बोलवा होती. कंबर, गुडघे, मान, नवऱ्याचं दारूचं व्यसन, मुलीचं न जमणारं लग्न, सगळं हलकं होत होतं म्हणे.

अंगणाच्या दुसऱ्या कडेला, कापडी मांडवात, उंच आसनावर भारबाबा बसले होते. अंगाने चांगले भरलेले, आवाज मात्र पिसासारखा.

"नाव सांगू नकोस, भार सांग," ते समोर आलेल्याला म्हणत. "तुझा भार माझा. माझा भार वरच्याचा. वरच्याचा भार कुणावरच नाही. म्हणून तर खांब वर चाललाय. कालच्याहून आज वर, आजच्याहून उद्या वर."

यावर शंका घ्यायला जागा नव्हती. शेजारचा शिंपी रोज सकाळी आपली टेप घेऊन येई, खांबाखालची फट मोजे आणि आकडा दारातल्या पाटीवर खडूने लिही. शिंपी सरळ माणूस. गिऱ्हाइकाचं उरलेलं कापडसुद्धा घडी घालून परत देणारा. त्याचा आकडा रोज थोडा थोडा वाढत होता.

या रांगेत एक बाई रिकाम्या हातांनी उभी होती. बांधकामं तपासणाऱ्या कार्यालयात ती इंजिनीअर होती आणि सगळे तिला इंजिनीअरबाई म्हणत. बाकीचे लोक खांबाकडे बघत होते. ती खांबाखालच्या मातीकडे बघत होती. पावसाचं टिपूस नव्हतं, रस्त्यावर धुरळा उडत होता आणि खांबाभोवतीची माती मात्र ओली काळी होती.

तिला इथे बोलावलं होतं ते याच घरच्या सुनेने. आठवड्यापूर्वी सून कार्यालयात आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली की, आमच्या घरामागची वरची खोली बिनपरवान्याची आहे, वर्षानुवर्षं ओस पडली आहे, ती पक्की आहे की नाही ते बघून द्या. आपल्याच घराविरुद्ध अर्ज घेऊन येणारं माणूस इंजिनीअरबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्यांनी जरा खोदून विचारलं. तेव्हा कळलं की खोली थोरल्या दिराने बांधली होती, स्वतःच्या हाताने, सुट्टीच्या दिवशी, जमेल तशी. काम पुरं व्हायच्या आधीच बापाशी कडाक्याचं वाजलं आणि तो घर सोडून दूरच्या शहरात निघून गेला. पुढे बाप वारला. खोलीला दारं लागली नाहीत, गिलावा झाला नाही, कुणी राहायला गेलं नाही. सासूबाई तेवढ्या रोज तिच्याखालची जागा झाडत. झाडता झाडता एक दिवस झाडूचे हीर खांबाखाली गेले. त्यांनी शिंप्याला दाखवलं, शिंप्याने गिऱ्हाइकांना सांगितलं आणि आठवड्याच्या आत कुठून तरी भारबाबा हजर झाले.

इंजिनीअरबाईंच्या मनात पहिला संशय आला तो सुनेबद्दलच. दिराची खोली पाडली की दिराचा हक्कही पडतो, असा हिशेब तर नसेल? त्यांनी तसं तोंडावरच विचारलं. सून रागावली नाही. खाली बघत एवढंच म्हणाली, "त्या खोलीची तुळई ज्या भिंतीत घुसवलीय, त्या भिंतीला लागून माझी मुलं झोपतात."

त्यामुळे इंजिनीअरबाई आज आल्या होत्या, आणि आधी गुपचूप रांगेत उभ्या राहिल्या होत्या. नंबर आल्यावर त्यांनी रुमालाऐवजी ओळखपत्र काढलं.

सासूबाई लगबगीने पुढे आल्या. तपासणीचा अर्ज सुनेनेच दिला होता हे कळल्यावर त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेने सून दोन पावलं मागे सरकली.

"इतकी वर्षं ही खोली इथेच आहे," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा तुमचं ऑफिस झोपलं होतं का? आता चार लोक श्रद्धेने यायला लागले, तेव्हा तुम्हाला जाग आली?"

बोलणं खरं होतं. इंजिनीअरबाईंनी तसं कबूल केलं. पण आता आलेच आहे तर बघून जाते, म्हणाल्या.

सासूबाईंचा जीव कशात अडकलाय ते सुनेने आधीच सांगून ठेवलं होतं. थोरला फोन करत नसे. केला तर खुशाली सांगून ठेवून देई. बाबांनी आल्या आल्या म्हातारीची ही दुखरी नस बरोबर पकडली. ते म्हणाले की थोरल्याचा जीव या खांबात आहे. खांब वर चढतो तशी तिकडे त्याची भरभराट होते. खांबाला धक्का लावणारा त्याच्या जिवाला धक्का लावतो. तेव्हापासून सासूबाई शिंप्याच्या पाटीवरचा आकडा मुलाची खुशाली वाचावी तसा वाचत. मागचं अंगण आणि वरची खोली बाबांच्या नावाने करून द्यायचंही त्यांनी कबूल करून टाकलं होतं.

भारबाबांनी तपासणीला हरकत घेतली नाही. उलट हात पसरून स्वागत केलं.

"मोजा बाई, खुशाल मोजा. यंत्राला यंत्राचा भार असतोच. तोही इथेच उतरवून जा."

भक्तांमध्ये खसखस पिकली. इंजिनीअरबाई जमिनीवर पालथ्या झोपल्या, गाल मातीला टेकवला आणि फटीत टॉर्च मारला.

खांबाच्या आतल्या लोखंडी सळया खाली जमिनीतल्या पायात शिरलेल्या असतात; त्या खांबाला पायाशी बांधून ठेवतात. इथे त्या चारही तुटल्या होत्या. तिघींची टोकं गंजून, कुरतडल्यासारखी झाली होती. चौथीचं टोक सपाट होतं, गुळगुळीत, आणि टॉर्चच्या उजेडात चकाकत होतं. गंज असा चकाकत नाही. गंजाने कधी सळई इतकी सरळ तुटतही नाही.

बाबांचा लांबट चेला बादली घेऊन थोड्या अंतरावर घोटाळत होता. ओलं आहे, कपडे खराब होतील, असं तो दोनदा म्हणाला. ओलं कशाने झालं असं विचारल्यावर म्हणाला, जागा पवित्र राहावी म्हणून सकाळी बादलीभर पाणी शिंपडतो. बादलीभर पाण्याने जमीन इतकी खोल मऊ होत नाही. इंजिनीअरबाईंनी जमिनीत पेन रोवून बघितलं, ते टोपणापर्यंत आत गेलं.

मग त्यांनी सासूबाईंना अगदी साधा प्रश्न विचारला. रुमाल पहिल्यापासूनच असा आरपार जायचा का? सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, कुठला, आधी मध्येच अडकायचा. मग बाबांनी खांबाभोवती पडदा लावून एक रात्र साधना केली आणि सकाळपासून रुमाल लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरायला लागला.

"पडद्याआड बाबा एकटेच होते?"

"चेला होता ना सोबत. घंटी वाजत होती. रात्रभर तिचा बारीक घासल्यासारखा नाद येत होता."

इंजिनीअरबाईंनी हे वहीत टिपून घेतलं. आरोप करायला त्यांच्याकडे अजून पुरेसं काही नव्हतं. सळई कापली हे दिसत होतं, कुणी कापली हे दिसत नव्हतं. आणि म्हातारीसमोर अर्धवट बोलून तिचा विश्वास उलट आणखी घट्ट करण्यात अर्थ नव्हता.

त्या शिडीने वर खोलीत गेल्या. कबुतरांची घाण झाडून खाली नव्या सतरंज्या अंथरल्या होत्या. त्यांनी सतरंजी उलटून पेन्सिल जमिनीवर आडवी ठेवली. पेन्सिल क्षणभर थांबली, मग गडगडत त्या खांबाच्या कोपऱ्यात जाऊन पडली. सतरंज्या कशासाठी, असं खाली येऊन विचारलं तेव्हा कळलं की येत्या रविवारी मोठा सोहळा आहे. सगळ्यात जास्त भार असलेले भक्त वर दाटीवाटीने बसणार, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खांब एकदम वीतभर वर जाणार. बाबा? बाबा आपल्या आसनावरूनच भार ओढून घेणार.

तेव्हा कुठे इंजिनीअरबाईंचं लक्ष आसनाकडे गेलं. वरची खोली जिथपर्यंत पुढे आली होती, तिची सावली जिथे संपत होती, तिथून चांगल्या लांब अंतरावर मांडव होता. दुपारभर त्या नजर ठेवून राहिल्या. बाबा जेवायला उठले, हात धुवायला गेले, एका म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे आले. पण दर वेळी खोलीखालून सरळ जायचं सोडून भिंतीच्या कडेने लांबचा फेरा मारत. चेलाही बादली लांबूनच ओतायचा. सगळ्या जगाला खांबाखाली वाकवणारी ही दोन माणसं दुपारभरात स्वतः एकदाही तिथे क्षणभरसुद्धा थांबली नव्हती.

घराच्या आत, मुलांच्या खोलीत, कपाट सरकवल्यावर भिंतीवर पांढऱ्याफेक पुट्टीचा पट्टा दिसला. सून म्हणाली की चेल्याने घराच्या शुद्धीसाठी म्हणून भिंतीला हात फिरवून दिला, दर दोन-चार दिवसांनी येऊन देतो. इंजिनीअरबाईंनी किल्लीने पुट्टी खरवडली. खाली भेग होती, तुळईच्या तोंडापासून तिरकी खाली उतरलेली, करंगळी जाईल एवढी.

त्यांनी पिशवीतून काचेच्या पातळ पट्ट्या काढल्या आणि भेगेवर आडव्या चिकटवल्या. सुनेला समजावलं की भिंत जागची हलली नाही तर काच शाबूत राहील. काच वाकत नाही, ताणली जात नाही, कुणाची बाजू घेत नाही. भिंत सरकली की ती तडकते. आणि मुलांची अंथरुणं आजच पुढच्या खोलीत हलवायला सांगितली.

जाता जाता आणखी एक काम केलं. पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी सुनेच्या मदतीने अंगणात पसरली. एक तोंड रस्त्याकडच्या फाटकाच्या दगडी खांबाला, दुसरं त्या अधांतरी खांबाला. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत थांबतं, मग मध्ये अंतर कितीही असो. जिथे थांबलं तिथे दोन्हीकडे पेन्सिलीने रेघ मारली. तिसरी रेघ खांबाखालच्या पायाच्या दगडावर, पातळीपासून किती खाली आहे ते मोजून. सासूबाई दारात हाताची घडी घालून हे सगळं पाहत होत्या. पाण्याच्या नळीने देव मोजायला निघाल्या, असं त्या शिंप्याला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणाल्या.

कार्यालयात साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले. नोटीस काढू म्हणाले, पण रविवार जाऊ दे. भावनांचा प्रश्न आहे, गर्दी अंगावर येईल. इतकी वर्षं उभी असलेली खोली चार दिवसांत कशाला पडतेय?

"पडणार नाही असं लिहून द्याल का, साहेब?" इंजिनीअरबाईंनी विचारलं.

साहेबांनी लिहून दिलं नाही. पण लोखंडी टेकू आणि ते लावणारी माणसं न्यायला त्यांनी आडकाठीही केली नाही.

शनिवारी दुपारी सुनेचा फोन आला. मुलांच्या खोलीतून टक असा आवाज आला, बघते तर एक पट्टी तडकलेली. बोलता बोलताच दुसरी तडकली. तो आवाज इंजिनीअरबाईंनी फोनमधून स्वतः ऐकला. आणखी एक गोष्ट सून म्हणाली. छतावरची पाण्याची टाकी पूर्वी दिवसभर पुरायची, हल्ली रोज सकाळी रिकामी सापडते. घरात तर कुठे नळ गळत नाही.

रविवारी सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शिंप्याने फट मोजून आकडा लिहिला आणि लोकांत कुजबुज पसरली. एका रात्रीत एवढी वाढ कधीच झाली नव्हती. वर बसायला निवडलेले लोक शिडीजवळ उभे होते. त्यात काठी टेकणारे दोघे होते, एक पोटुशी बाई होती. इंजिनीअरबाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि सरळ शिडीच्या पहिल्या पायरीवर बसल्या.

लोक चिडले. कुणी ओरडलं, कुणी उठवायला पुढे आलं. बाबांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं; असं कुणी आडवं आलं की आपलं वजन वाढतं हे त्यांना ठाऊक होतं. बाईंचा भार फार मोठा आहे, त्यांनाच आधी मोकळं करू, असं ते हसत म्हणाले.

"मला एकच गोष्ट बघायचीय," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "खांब वर गेला का, एवढंच. आणि मी नाही बघणार. शिंपीदादा बघतील."

शिंपी गांगरला. पण मोजायचं काम म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येईना. नळीचं एक तोंड सुनेने फाटकावरच्या रेघेला धरलं. दुसरं शिंप्याच्या हातात दिलं. इंजिनीअरबाईंनी जागेवरूनच मोठ्याने सांगितलं की, फाटकावरच्या रेघेला पाणी लागलंय. आता खांब वर गेला असेल तर खांबावरची रेघ पाण्याच्या वर दिसेल. लोक पुढे झुकले. शिंप्याने चष्मा वर-खाली केला, नळी सोडून पुन्हा धरली, टेप लावली, पुन्हा लावली.

"रेघ पाण्याच्या खाली आहे," तो हळूच म्हणाला.

"सगळ्यांना ऐकू जाऊ दे, दादा."

"खांब वर गेलेला नाही. सूतभर खालीच आलाय." मग तो वाकला आणि पायाच्या दगडावरची रेघ मोजली. ती तर बोटभर खाली गेली होती. शिंपी गुडघ्यांवरच बसून राहिला. रोज फट वाढत होती हे खरंच होतं, त्याची टेप खोटं बोलली नव्हती. पण फट खांब वर चढल्याने वाढत नव्हती. जमीन खाली चालली होती आणि खोली तिच्या मागोमाग निघाली होती.

बाबा घाईने म्हणाले की, पाण्याला माया कळत नाही. गर्दीतले दोघे-चौघे माना डोलावू लागले. पण शिंपी आता ऐकत नव्हता. खांबाच्या पायथ्याशी सोहळ्यासाठी अंथरलेली चटई त्याने उचलून फेकली. खाली मातीत बुजवलेली रबरी नळी होती, माती खचल्याने थोडी उघडी पडलेली. त्याने ती ओढायला सुरुवात केली. ती मांडवाखालून, भिंतीच्या कडेने, जिन्यामागून वर टाकीपर्यंत गेलेली निघाली. तिचं खालचं तोंड बरोबर पायाच्या दगडाला लागून जमिनीत खुपसलेलं होतं आणि त्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

इंजिनीअरबाई सासूबाईंजवळ गेल्या आणि चला, आत काहीतरी दाखवायचंय, एवढंच म्हणाल्या. सासूबाई यायला तयार नव्हत्या. सुनेने त्यांचा हात धरला आणि त्यांनी तो झटकला नाही, हेच विशेष. मुलांच्या खोलीत कपाटामागे त्यांनी भेग पाहिली, तडकलेल्या काचा पाहिल्या. भेगेपासून हातभर अंतरावर भिंतीवर धाकट्या नातवाने खडूने काढलेला बैल होता. तो बैल अंथरुणात पडल्या पडल्या काढलेला होता, इतका खाली.

सासूबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी शांत होता.

"बाबा, तुम्ही जरा इथे खांबाजवळ येऊन बसा."

"माझं आसन ठरलेलं आहे, माई."

"आसन मी उचलून आणते. तुम्ही या."

बाबा म्हणाले की मुहूर्त टळतोय. मग म्हणाले की अविश्वासाच्या जागी शक्ती बसत नाही. मग म्हणाले की पाय दुखतोय.

"पाय दुखतो तर रुमाल आणा," सासूबाई म्हणाल्या. "मी रोज तुम्हाला बघते. माझ्या मुलाचा जीव या खांबात आहे म्हणालात आणि त्या एका रात्रीनंतर त्याच्याखाली तुम्ही एकदाही आला नाहीत. माझी नातवंडं पलीकडे झोपतात हे तुम्हाला माहीत होतं. तुमचा माणूस तिथली भेग बुजवत होता."

शिडीजवळची पोटुशी बाई आपणहून मागे सरली, मग काठीवाले, मग हळूहळू सगळेच खोलीच्या सावलीबाहेर निघाले. एवढी गर्दी आणि खांबाभोवती क्षणात मोकळं मैदान. चेल्याने फाटकाकडे काढता पाय घेतला, तर तिथे शिंप्याचा भाऊ कडी लावून उभा. पुढचं काम पोलिसांनी केलं. चेल्याने पहिल्याच दमात सांगून टाकलं की तो पूर्वी नळजोडणीची कामं करायचा. करवतीच्या पात्याने उरलेली सळई त्यानेच कापली, बाबा घंटी वाजवत होते. जमीन भिजली की फट वाढते हे त्याच्या लक्षात आलं होतं; सोहळ्यात टाकीचं सगळं पाणी एकदम सोडून ती वीतभर करायची होती. भिंत फाटतेय हेही त्याने बाबांना सांगितलं होतं. बाबा म्हणाले होते, रविवारपर्यंत पुट्टी लाव.

त्याच दुपारी टेकू लागले आणि पुढच्या काही दिवसांत खोली वरून खाली, एकेक वीट काढत उतरवली गेली. खांबाचा पाया उकरल्यावर सगळं उघडं पडलं. खाली सांडपाणी मुरवायचा जुना शोषखड्डा होता, आधीच्या मालकाच्या वेळचा, वर फरशा टाकून बुजवलेला. त्याच फरशांवर थोरल्याने पाया घातला होता. पाणी आत मुरलं, माती खड्ड्यात उतरत गेली, फरशा खचल्या आणि पाया त्यांच्याबरोबर गेला. खांब तेवढा वरच्या तुळईला लोंबकळत राहिला.

सासूबाईंनी विचारलं, म्हणजे माझ्या मुलाने वाईट बांधलं का? इंजिनीअरबाईंना इथे गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी जे होतं तेच सांगितलं. पाया वाईट होता. तुळई मात्र चांगली होती, लोखंड हात न आखडता घातलं होतं. खांब निसटल्यावरही एवढे दिवस खोली ज्यावर तरली ती त्याची तुळई, दुसरं काही नाही. परवाना काढायला आला असता तर खड्डा तेव्हाच कुणीतरी दाखवला असता. आणि आमच्या लोकांनी नंतर तरी एकदा येऊन बघायला हवं होतं.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः थोरल्याला फोन लावला. खोली पाडली, असं सांगितलं. त्याने खाली काय सापडलं ते विचारलं. मग म्हणाला की पाया त्याने घाईत, कुणी बघायच्या आत उरकला होता, आणि त्या भीतीने नंतर त्याला त्या खोलीकडे बघवत नसे. दोघं पुष्कळ वेळ बोलले. भरभराट वगैरे काही नव्हती, नोकरी यथातथाच होती, गुडघा दुखत होता. खांबाने यातलं काहीच कळवलं नव्हतं.

खड्डा लगेच बुजवायचा होता, पण सासूबाईंनी थांबवलं. लांबून लोक अजून रुमाल घेऊन येत होते. चमत्काराची बातमी पोचली होती, तो फुटल्याची पोचली नव्हती. त्यांनी खड्ड्याभोवती दोरी बांधून घेतली आणि फाटकात खुर्ची टाकून बसल्या. येईल त्याला आत नेत, कडेला उभं करत आणि दाखवत: हे बघा, इथून माती गेली, ही कापलेली सळई, ही पाण्याची नळी. काही लोक चिडून परत जात. काही रुमालाची घडी घालत राहत.

एकदा इंजिनीअरबाई सहज डोकावल्या, तेव्हा एक माणूस सासूबाईंशी हुज्जत घालत होता. एवढे लोक उगाच का येत होते, सगळेच कसे चुकतील, असं त्याचं म्हणणं होतं.

"मीही त्यातलीच," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या दारात, माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं सगळं. खांब टेकलेला नाही हे मी रोज बघत होते. का टेकलेला नाही, हे एकदाही विचारलं नाही. विचारायला काय लागतं? खाली वाकून बघायला काय लागतं? दुखत असेल तर डॉक्टरकडे जा, घराला भेग पडली तर जाणत्याला बोलवा. आणि कुणी तुमचा भार घेतो म्हणाला, तर आधी त्याला विचारा की तो स्वतः कुठे उभा आहे. इकडे या, दोरीच्या जवळ. नीट वाकून बघा, मी सांगते म्हणून मानू नका."

त्या माणसाने रुमाल खिशात टाकला, दोरीला हात धरला आणि वाकला.